रेवा चालते, मग यमुना का नको?

बारसं ठरलं की हल्ली आधी यादी येते. पूर्वी आत्या बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायची, आता तिच्या मोबाइलवर दीडशे नावांची पीडीएफ असते. त्यात रेवा असते, जान्हवी असते, गौतमी, शरयू, इरा असतात. कुणीतरी मोठ्याने वाचतं, "रेवा म्हणजे नर्मदा बरं का," आणि घरभर समाधान पसरतं. दोन अक्षरी नाव, इंग्रजीत लिहायला सोपं, वर आपली संस्कृतीही सांभाळली गेली. याच बैठकीत एखाद्या मावशीने "यमुना ठेवा की" असं म्हणून बघावं. क्षणभर कुणी बोलत नाही, मग हसू फुटतं. "शाळेत यमी म्हणून चिडवतील गं तिला!"

कालिंदी सुचवलं तर मात्र कुणी हसत नाही. कालिंदी म्हणजे यमुनाच. जान्हवी चालते, गंगा चालत नाही. गौतमी चालते, गोदावरी म्हटलं की नाकं मुरडली जातात. नद्यांचं वावडं कुणालाच नाही. नदीचं जे नाव पणजीला होतं, तेवढंच नको आहे.

नावांच्या फॅशनी बदलतात, त्यात एवढं काय, असं कुणी म्हणेल. बदलतातच. कुसुम, मालती, नलिनी गेल्या, त्यांच्यामागून आशा, उषा, लता गेल्या, आता स्मिता आणि वैशालीही आई-मावशीच्या वयाच्या झाल्या. पण यमुना हे नाव केवळ जुनं झालं म्हणून मागे पडलं, हे खरं नाही. ते आधी बायकांकडून काढून घेतलं गेलं, मग ताई-माई-काकूंखाली झाकलं गेलं आणि शेवटी त्याची टिंगल झाली. हा प्रवास दीडशे वर्षांचा आहे आणि त्याचे कागदोपत्री पुरावे आहेत.

यमुना महाराष्ट्रातून वाहत नाही. तरीही हे नाव इथल्या घराघरात होतं, त्याची कारणं शोधायला लांब जावं लागत नाही. आंघोळीच्या वेळी म्हणायच्या श्लोकात सात नद्या येतात: गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू, कावेरी. हीच जुन्या वाड्यातल्या बायकांची हजेरी म्हणूनही खपली असती. शिवाय गौळणी होत्या. एकनाथांपासून तमाशातल्या गण-गौळणीपर्यंत यमुनेचा काठ मराठी कानांना इतका सवयीचा होता, की कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यात जन्म गेलेल्या माणसालाही तो आपल्याच गावाबाहेरचा वाटावा. भाऊबीज होतीच. कार्तिक शुद्ध द्वितीयेला यम आपल्या बहिणीकडे, यमुनेकडे जेवायला गेला, म्हणून ती यमद्वितीया. मृत्यूच्या देवाला ताट वाढून ओवाळणारी बहीण, अशी या नावामागची गोष्ट आहे.

मनुस्मृतीला मात्र नदीचं नाव मंजूर नव्हतं. तिसऱ्या अध्यायात, कोणत्या मुलीशी लग्न करू नये हे सांगताना नक्षत्र, झाड, नदी, डोंगर, पक्षी, साप यांची नावं असलेल्या मुली टाळाव्यात असं म्हटलं आहे. मराठी घरांनी हा नियम सरळ खुंटीला टांगला. रोहिणी, तुळसा, गंगा, मैना यांची लग्नं व्यवस्थित झाली आणि सासरी गेल्यावर त्यांनी संसारही केले. स्मृतीचं नाव घेऊन बायकांना जखडणाऱ्या समाजाने तिची ही एक ओळ मात्र बिनदिक्कत धाब्यावर बसवली, हे नोंदवून ठेवायला हरकत नाही.

एकोणिसाव्या शतकात यमुना हे नाव किती रुळलेलं होतं, याची साक्ष मराठी कादंबरीच देते. बाबा पदमनजी यांचं 'यमुनापर्यटन' १८५७ साली प्रसिद्ध झालं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचा उल्लेख होतो. विधवांची दैना सांगण्यासाठी पदमनजींनी नायिका निवडली ती यमुना. ती नवऱ्याबरोबर गावोगाव फिरते, तिथल्या विधवांच्या कहाण्या ऐकते आणि पुढे तिच्यावरही वैधव्य येतं. वाचणाऱ्याला 'ही आपल्याच घरातली' असं वाटावं, इतकं ते नाव साधं होतं. म्हणजे मराठी कादंबरीची पहिली नायिका यमुना आहे. एवढ्या एका गोष्टीसाठी तरी हे नाव मराठी माणसाला पाठ असायला हवं होतं.

पुस्तकातल्या यमुनेचं नाव निदान मुखपृष्ठावर राहिलं. खऱ्या यमुनांचं तेवढं नशीब नव्हतं.

कुर्लेकरांची यमुना आजच्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावची. १८७३ साली, अकराव्या वर्षी तिचं लग्न एकतीस वर्षांच्या न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांशी झालं आणि ती रमा झाली. पुढे सेवासदनचं काम उभं करणाऱ्या, 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' लिहिणाऱ्या रमाबाई रानडे त्या ह्याच. देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव म्हणून सगळ्यांना माहीत असतं. यमुना कुर्लेकरचं गाव म्हणून ते कुणाला माहीत असण्याचं कारणच नाही, कारण यमुना कुर्लेकर कोण हेच माहीत नसतं.

दुसरी यमुना कल्याणची. जन्म ३१ मार्च १८६५. नवव्या वर्षी गोपाळराव जोश्यांशी लग्न, आणि नाव आनंदी. तिने बोटीने अमेरिका गाठली, ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियातल्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियाची एम.डी. पदवी घेतली आणि वर्षभराच्या आत, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षंही पुरी न करता पुण्यात प्राण सोडला. तिच्या रक्षेचा काही भाग न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावच्या दफनभूमीत आहे. तिथल्या शिळेवर आनंदीबाई जोशी आहे. शुक्र ग्रहावरच्या विवरांना कर्तबगार स्त्रियांची नावं दिली जातात, त्यातल्या एकाला तिचंही आहे, पण तेही 'जोशी'. पृथ्वी सोडून शुक्रावर गेलं तरी सासरचं आडनाव सोबत आलं आणि पाळण्यातलं नाव कल्याणला राहिलं!

ही दोनच उदाहरणं असती तर योगायोग म्हणून सोडून देता आली असती. टिळकांची पत्नी म्हणून जग जिला सत्यभामाबाई म्हणतं, ती कोकणातल्या लाडघरच्या बाळ घराण्यातली तापी. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली जिच्याशी पुनर्विवाह करून पुण्यात वादळ ओढवून घेतलं, ती गोदू. ती पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी. लग्नानंतर तीही आनंदीच झाली आणि पुढे सगळ्यांची 'बाया'. रानडे, गोपाळराव, टिळक, कर्वे. एकमेकांशी न पटणारी, समाजसुधारणेवरून एकमेकांवर तुटून पडणारी माणसं. पण या चारही घरांत उंबरठ्याच्या आत पाऊल टाकताना एकेक नदी बाहेर राहिली. विधवेशी लग्न करण्याचं धैर्य दाखवणाऱ्या कर्व्यांना तिचं नाव तसंच ठेवावं असं वाटलं नसेल का, हा प्रश्न आजचा झाला. तेव्हा तो कुणाच्या डोक्यातही आला नसावा. गोदूलाही कदाचित नवं नाव नव्या आयुष्याची खूण म्हणून हवंसं वाटलं असेल. वैधव्यातली सगळी वर्षं ज्या नावाने काढली, ते टाकून द्यावंसं वाटणं समजू शकतं. रमाबाई आणि आनंदीबाईंच्या बाबतीत मात्र तेही कारण नव्हतं. त्या मुली होत्या आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

नाव बदलण्याचा विधी पाहिलेला नाही असा मराठी माणूस विरळा. माप ओलांडून नवरी आत आली की लक्ष्मीपूजन, ताटात तांदूळ पसरलेले, नवरामुलगा अंगठीने किंवा सुवर्णाच्या काडीने त्यात नवं नाव लिहितो. मग पेढे. करवल्या वाकून वाकून बघतात, "काय ठेवलं, काय ठेवलं?" दृश्य देखणं असतं यात शंका नाही. थोड्या वेळाने ते तांदूळ एकत्र केले जातात, डब्यात जातात, नाव मात्र जन्मभर चिकटतं. कायद्याने याची काहीच गरज नाही. लग्न झालं म्हणून नाव किंवा आडनाव बदलायलाच हवं असं कोणताही भारतीय कायदा सांगत नाही, आणि बदललेलं नाव कागदोपत्री लावायचं असेल तर राजपत्रात छापून आणण्याचा खटाटोप वेगळा करावा लागतो. आता ही प्रथा शहरांत पुष्कळ सैल झाली आहे. मुली सरळ नाही म्हणतात, काही ठिकाणी ताटात मूळचंच नाव लिहून फोटो काढतात. चांगलं आहे. पण ते यायला यमुना, तापी आणि गोदू यांच्या मुलींच्या नातींपर्यंत थांबावं लागलं.

त्याच कर्व्यांच्या घरात पुढच्या पिढीत उलट घडलं. इरावती करमरकर १९०५ साली ब्रह्मदेशात मिंज्यान इथे जन्मली. वडील तिथे नोकरीला होते आणि तिथल्या ऐरावती नदीवरून मुलीचं नाव पडलं. ती दिनकर कर्व्यांशी लग्न करून पुण्यात त्याच बायाची सून झाली. सासूची नदी लग्नात गेली होती, सुनेची राहिली. 'युगान्त' लिहिणाऱ्या इरावती कर्वे यांना जग त्याच नावाने ओळखतं. त्यांचा 'परिपूर्ती' हा लेख वाचलेल्यांना आठवेल. एका समारंभात त्यांची ओळख अमक्यांची मुलगी, तमक्यांची सून, अमक्यांची पत्नी अशी करून दिली जाते आणि काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. ती उणीव भरून निघते ती रस्त्यावरची मुलं 'ही आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई' असं म्हणतात तेव्हा. लेख मिश्किल आहे आणि त्याचा शेवट प्रेमळ आहे. तरीही एवढ्या विदुषीचं स्वतःचं नाव त्या ओळखींच्या रांगेत कुठेच बसत नाही, हे त्यातलं खरं टोचणारं वाक्य आहे, आणि ते त्यांनी लिहिलेलं नाही. गोदावरी परुळेकरांनीही नाव सोडलं नाही. गोखल्यांची गोदावरी १९३९ साली शामराव परुळेकरांशी लग्न झाल्यावरही गोदावरीच राहिली, ठाणे जिल्ह्यातल्या वारली आदिवासींची 'गोदाराणी' झाली, आणि 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकासाठी तिला १९७२ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

आतापर्यंत आलेली नावं बहुतेक पुण्या-कोकणातल्या ब्राह्मण घरांची आहेत, कारण आठवणी त्यांनी लिहिल्या आणि छापल्या. यमुना हे नाव मात्र त्या घरांपुरतं कधीच नव्हतं. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांच्या पत्नी महाराणी जमनाबाई. जमना म्हणजे यमुनाच, फक्त घाटाखालच्या आणि गुजरातच्या वाऱ्याने य चा ज झालेला. मल्हाररावांना गादीवरून दूर केल्यावर १८७५ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या गोपाळ नावाच्या बारा वर्षांच्या पोराला त्यांनी दत्तक घेतलं. तोच सयाजीराव. आणि वाईच्या यमुनाबाई. १९१५ साली भटक्या जमातीत जन्मलेल्या यमुनाबाई वाईकरांनी बैठकीची लावणी आणि अदाकारी अशी काही जपली की २०१२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १५ मे २०१८ रोजी, वयाच्या एकशे दोनाव्या वर्षी त्या गेल्या. राजवाड्यातली एक, फडावरची एक. दोघींमध्ये समाजाने उभी केलेली अंतरं मोजता येणार नाहीत इतकी, पण नाव एकच. आज एवढ्या लांबवर पसरलेलं मुलीचं एखादं नाव दाखवता येईल का, शंका आहे. नावांनाही आता सोसायटीचं फाटक असतं.

ज्यांनी आठवणी लिहिल्या नाहीत त्यांच्या यमुना सापडतात महसुली दप्तरात. जुने फेरफार, खरेदीखतं काढून पाहावीत. मोडीतून उतरवलेल्या नोंदीत 'यमुना कोम गणपत' असं लिहिलेलं असतं. पुरुषाच्या नावापुढे 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, बाईच्या नावापुढे 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. नवरा वारला, मुलं अज्ञान असली, की तिचं नाव सातबाऱ्यावर चढतं. मुलं मोठी झाली की वारसांच्या खाली सरकतं. एक दिवस 'मयत' म्हणून कंस होतो. आयुष्यात तिला पूर्ण नावाने कुणी हाक मारली असेल तर ती तलाठ्याने. घरात ती आधी यमे, मग वहिनी, काकू, आत्या, मग सरसकट आजी. सावरकरांच्या पत्नी यमुनाबाई अनेकांना केवळ 'माई' म्हणूनच माहीत आहेत. आदराने म्हटलं तरी नाव झाकलं जायचं ते जातंच.

आणखी एका ठिकाणी ही नावं अजून शाबूत आहेत: भांड्यांवर. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा कुठल्याही गावच्या मोडीच्या दुकानात पितळी पातेली, तांबे, घंगाळी वजनावर विकायला येतात. त्यांच्या काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं असतं. भांडी आळीतला कारागीर बारीक छिन्नी धरून हातोडीने टकटक करत एकेक ठिपका उमटवायचा, रेघ सरळ येईलच असं नाही. 'सौ. यमुनाबाई' एवढं लागतं, पुढचं आडनाव घासून घासून पुसट झालेलं असतं. तारीख असली तर शके अमुक. तळ काळा झालेला, कल्हई केव्हाच उडालेली, पण य चा वळसा आणि म ची गाठ बोटाला लागते. शेजारणीकडे लग्नकार्याला दिलेलं भांडं परत ओळखता यावं, हा त्यामागचा साधा हेतू. बाईच्या मालकीची खात्रीची निशाणी तिच्या घरात एवढीच असायची. ते पातेलं आता कुठल्यातरी कॅफेत शोभेला ठेवलेलं असतं आणि त्या कॅफेत येणाऱ्या मुलीचं नाव रेवा असतं. दोन्ही गोष्टी एकदम आवडतात, फक्त भांड्यावरचं नाव आवडत नाही, हे जरा नवलाचं आहे.

टिंगल कधी सुरू झाली ते नेमकं सांगणं अवघड. पण तिचं कारण उघड आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शहरातल्या शिकलेल्या घरांनी कादंबऱ्यांतली, नाटकांतली मवाळ नावं उचलली. नद्यांची आणि देवींची जुनी नावं खेड्यात आणि कष्टकरी वस्त्यांत पुढे कितीतरी वर्षं राहिली. नंतर, विशेषतः १९७२ च्या दुष्काळाच्या सुमाराला आणि त्यानंतर, पोटासाठी मुंबई-पुण्यात आलेल्या बायका धुण्याभांड्याच्या कामाला लागल्या, तेव्हा त्यांची नावं गंगूबाई, यमुनाबाई, सखूबाई अशी होती. मध्यमवर्गाच्या कानाला ही नावं आता आजीऐवजी मोलकरणीची वाटू लागली. एकांकिका, विनोदी मालिका आणि सिनेमांनी उरलेलं काम केलं. नऊवारीचा काचा, तोंडात तंबाखू, खणखणीत आवाज आणि नाव गंगूबाई. किराणा घराण्याचा आवाज म्हणून अख्ख्या देशाने मान दिलेल्या गंगूबाई हनगल यांचं नाव हेच होतं, हे त्या हशात कुणाला आठवत नाही. जुन्या नावाला हसणारा माणूस बहुतेक वेळा जुनेपणाला हसत नसतो. हे नाव ज्या बायका वागवतात, त्यांच्या दारिद्र्याला तो हसत असतो. म्हणूनच तर कालिंदीला हसू येत नाही. कालिंदी नावाची बाई भांडी घासायला कधी आलेली नसते.

नावं परत येतात, याचेही दाखले आहेत. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तली सिंधू गंधर्वांच्या काळात घराघरात पोचली, नंतर ते नाव म्हातारं झालं, अनाथांची माय झालेल्या सिंधुताई सपकाळांमुळे त्याला वेगळं वजन आलं आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पी. व्ही. सिंधूने रौप्य मिळवल्यावर ते पुन्हा तरुण वाटायला लागलं. जान्हवी 'होणार सून मी ह्या घरची'मुळे रोज रात्री घरात येत होती. 'उंच माझा झोका'ने २०१२ मध्ये रमाबाई रानड्यांचं बालपण घराघरात नेलं, तेव्हा रमा हे नाव गोड वाटलं. त्या रमेचं आधीचं नावही तितकंच गोड होतं, पण कौतुक तांदळात लिहिलेल्या नावाचं झालं. सई, जिजा, अहिल्या ही नावं ऐतिहासिक मालिकांबरोबर परतली. इतिहासातली राणी असेल तर जुनं नाव चालतं. यमुनेला राणीही मिळाली होती, डॉक्टरही मिळाली, लावणीसम्राज्ञीही मिळाली, पण त्यांतल्या डॉक्टरने ते नाव कळतं वय होण्याआधीच गमावलं होतं.

सगळी जुनी नावं परत आणावीत असा याचा अर्थ नाही. धोंडी, दगडी, नकोशी ही नावंही जुनीच आहेत. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात नकुशा, नकोशी अशा नावांच्या अडीचशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावं देण्यात आली, ते योग्यच झालं. मुलगी नको होती हे जन्मभर तिच्या कपाळावर लिहून ठेवणारं नाव जितक्या लवकर जाईल तितकं बरं. यमुनेत असं काही नाही. तीन अक्षरं, जोडाक्षर एकही नाही, शेवटी आकार. आजच्या आईबापांच्या सगळ्या अटी ते पुऱ्या करतं. पत्रिका पाहणाऱ्यांच्या मुलीचं ज्येष्ठा नक्षत्र निघालं आणि 'य' अक्षर आलं, की यशिका आणि यज्ञा यांच्या मध्ये ओढाताण करत बसतात, तेव्हाही कुणाला यमुना सुचत नाही.

चिडवतील हा आक्षेप तेवढा खरा आहे. मुलं चिडवतात. पण ती रेवालाही चिडवतात आणि कियारालाही. वर्गात चिडवलं गेलेलं नाव आठवीपर्यंत अंगवळणी पडतं. आणि यमीचं म्हणाल, तर ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात यमाशी तोडीस तोड वाद घालणारी यमी आहे. एखाद्या हुशार पोरीला एवढं उत्तर पुरेसं आहे.

राज्य सरकारच्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावानंतर आधी आईचं नाव, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असं सरकारी कागदपत्रांवर लिहायचं आहे. चांगला निर्णय आहे, उशिरा झालेला. हा नियम १८६५ साली असता तर आनंदीबाईंच्या आईचं नावही आज शाळकरी मुलांना पाठ असतं. पुढच्या पिढीचं काम या नियमाने होईल. मागच्यांचं कुणीतरी हाताने करायला हवं. पुष्कळ कुलवृत्तांतांत सुनांची माहेरची नावं कंसात छापलेली असतात. ज्यांत नाहीत, त्यांच्या पुढच्या आवृत्तीचं काम करणाऱ्यांनी ती मिळवून घालावीत. घरातली नव्वदीची आत्या अजून बोलते आहे तोवर हे जमेल, नंतर नाही. शाळेच्या पुस्तकांत रमाबाई रानडे आणि आनंदीबाई जोशी यांच्या धड्यांत पहिल्याच ओळीत 'जन्मनाव यमुना' असं यायला हवं. त्यांच्या नावाच्या पाट्या जिथे लागतात, त्या सभागृहांवर, वसतिगृहांवर, चौकांत, तिथेही एक ओळ वाढवायला फारसा खर्च नाही. आणि ज्यांच्या घरी यंदा बारसं आहे त्यांनी यादीत रेवा, जान्हवी, कालिंदी यांच्या खाली यमुना लिहून तरी बघावं. नाही आवडलं तर खोडा. पण खोडायच्या आधी पणजीचं नाव काय होतं, एवढं घरात विचारून घ्या.